गोल्डन मोरपंखी दर उन्हाळ्यात जळतेय? आधी दीड महिना मागे जाऊन बघा

होळी होऊन महिना-दीड महिना झाला की, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे, आमच्या जळगावला चार जणांकडून तरी एकच तक्रार ऐकू येते, मोरपंखी जळाली. आणि ती पण साधी हिरवी नाही, गोल्डन, बुटकी, अंड्यासारखी गोल वाढणारी, जी नर्सरीतून आणली तेव्हा तिच्या टोकांवर हळद शिंपडल्यासारखी दिसत होती. मग लोक नवीन आणतात, पावसाळ्यात लावतात, दिवाळीपर्यंत झाड छान असतं, थंडीत जरा तांबूस होतं, आणि पुढच्या आखाजीला परत तेच. माझ्या स्वतःच्या गेटाशी हे तीन वेळा झालं, तिसरं झाड गेलं तेव्हा मला खरंच रडू आलं होतं, म्हणून जे जे कळलं ते सगळं सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट, तुमच्याकडे नक्की कोणतं झाड आहे ते बघा, कारण नर्सरीत पिवळसर दिसणाऱ्या सगळ्याच झाडांना गोल्डन सायप्रस नाहीतर गोल्डन थुजा म्हणून देतात. खरी मोरपंखी म्हणजे प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस, जुन्या पुस्तकात थुजा ओरिएंटॅलिस लिहिलेलं असतं, आणि तिचा हा बुटका सोनेरी प्रकार म्हणजे ऑरिया नाना. तिचे पंखे उभे असतात, वहीची पानं उभी लावून ठेवावीत तसे एकापाशी एक, आणि चुरगाळली तरी फारसा वास येत नाही. आपण शाळेत असताना विद्या येते म्हणून पुस्तकात ठेवायचो ना, तेच झाड. ही मूळची चीन-कोरियाकडची, तिथे थंडी पण कडक आणि उन्हाळा पण असतो, म्हणून आपल्याकडे ती टिकते. पण डिसेंबरमध्ये ख्रिसमसच्या वेळी छोट्या कुंडीत लिंबासारखा वास येणारं मऊ पोपटी-पिवळं उभट झाड मिळतं ते गोल्डक्रेस्ट, ते कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या सायप्रसचं पिल्लू, त्याला धुकं आणि गार हवा लागते, त्याला आपला मे महिना झेपत नाही. हात लावून चोळून बघा, लिंबाचा वास आला तर पुढचं सगळं करून पण फार आशा ठेवू नका, निदान स्वतःला दोष तरी देऊ नका. आणि हाताला टोचत असेल तर ते गोल्डन ज्युनिपर, त्याला यातलं बरंच लागू पडतं.

आता मुद्द्याचं. केळीला पाणी कमी पडलं तर ती त्याच दुपारी पान मोडून सांगते. तुळस मान टाकते, तांब्याभर पाणी घातलं की तासाभरात उभी राहते. मोरपंखी असं काहीच करत नाही. तिची पानं म्हणजे काडीला चिकटून बसलेले बारीक बारीक खवले, त्यांच्यावर मेणासारखा थर, त्यामुळे आतलं पाणी संपायला लागलं तरी ती कोमेजून दाखवत नाही, रंग पण लगेच सोडत नाही. ख्रिसमसला तोडून आणलेलं झाड मुळाशिवाय तीन-चार आठवडे हिरवं राहतं ते अशा झाडांच्या याच स्वभावामुळे. म्हणजे तुम्हाला आज जो तपकिरी रंग दिसतोय तो आजचा नाहीच. मुळांना जे काही झालं ते महिना-दीड महिन्यापूर्वी झालं आणि आता ते वर दिसतंय. आपण काय करतो, तपकिरी दिसलं की आज काय चुकलं ते शोधतो, आज ऊन कडक आहे तर उन्हाला दोष देतो, आज किडा दिसला तर किड्याला दोष देतो, आणि खरं कारण होळीतच राहून जातं. माझं नेमकं हेच झालं.

२०१६ ला घरभरणी झाली तेव्हा गेटाच्या दोन्ही बाजूंना एक एक अशी जोडी लावली होती, जोडीनेच लावतात म्हणून. गेट उत्तरेला आहे, त्यामुळे आतून बाहेर जाताना डावीकडची पश्चिमेला पडते आणि उजवीकडची पूर्वेला. दोन्ही एकाच दिवशी, एकाच नर्सरीतून, एकाच खड्ड्याच्या मापाने. २०१७ च्या आखाजीला उजवीकडची टोकाटोकाने तपकिरी व्हायला लागली आणि मृग निघेपर्यंत गेली. मला वाटलं रोपच कच्चं असेल. पावसाळ्यात दुसरं लावलं, ते दिवाळीला इतकं सुंदर झालं होतं की येणारे-जाणारे विचारायचे, आणि २०१८ ला परत आखाजीलाच ते पण. तेव्हा मी ऊन म्हटलं, २०१९ साठी मार्चमध्येच ग्रीन नेट बांधली, तरी तिसरं पण त्याच क्रमाने गेलं. आधी टोकं, मग वरचा भाग, मग सगळं. विचार करा, उजवीकडची पूर्वेला, तिच्यावर सकाळचंच ऊन, उलट डावीकडच्या मोरपंखीवर चारचं मरणाचं पश्चिमेचं ऊन यायचं आणि ती ठणठणीत. म्हणजे ऊन हे कारण असूच शकत नव्हतं, हे समोर दिसत असून मला दोन वर्षं कळलं नाही.

त्या तिसऱ्या वेळेला शेजारच्या आजी, त्या अमळनेरकडच्या, मार्च संपता संपता गेटाशी उभ्या राहून म्हणाल्या, "बेटा, येनं तेज गयं." मी म्हटलं, नाही आजी, ते पिवळंच असतं, गोल्डन आहे. त्यांनी मग माझा हात धरून एक पंखा डावीकडच्या झाडाचा बोटात धरायला लावला आणि एक उजवीकडचा. डावीकडचा मऊ, गार, दाबला तर वाकून परत येणारा, ओल्या सुती कापडासारखा. उजवीकडचा रंगाने जवळजवळ तसाच पण हाताला कोरडा, आणि चोळला तर बारीक कागदासारखा आवाज करणारा. तपकिरी व्हायला अजून पंधरा-वीस दिवस होते. तेव्हापासून मी डोळ्यांनी बघायच्या आधी हाताने बघते, आणि तुम्हालाही हेच सांगेन, फेब्रुवारीच्या शेवटापासून दर रविवारी झाडाच्या चारी बाजूंचा एक एक पंखा बोटात धरून बघायचा, आवाज आला की समजायचं मुळाशी काहीतरी चाललंय.

आवाज आला, मग मी बुंध्याशी बसून माती उकरली. माती ओली होती. म्हणजे पाणी आहे तरी झाड कोरडं पडतंय, हे काही पटेना. आणि मग मातीवरची पांढरी पापडी दिसली, खारवलेल्या भिंतीवर येते तशी, नखाने खरवडली तर भुगा झाला. तीच पापडी मी रोज बघत होते, पण दुसरीकडे, कूलरच्या ताट्यांवर. आमचा हॉलमधला कूलर होळीला सुरू होतो, आठवड्याला टाकी रिकामी करून धुवायची असते, आणि पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून मी स्वतः पाइप लावून ते पाणी उजवीकडच्या मोरपंखीच्या आळ्यात सोडत होते, कारण खिडकीतून तीच जवळ पडायची. वर आणखी आरओचं सोडलेलं पाणी पण बादलीत साठवून तिलाच घालायचे, तिला जास्त जपायचं म्हणून.

आता यात काय होतं ते सांगते. बोअरचं पाणी मुळात जड. कूलरमध्ये पाण्याची वाफ होऊन उडून जाते पण क्षार कुठे उडतात, ते टाकीतच राहतात, आपण रोज वरून नवीन बोअरचं पाणी घालतो, त्यातले क्षार पण त्यातच, आठ दिवसांनी टाकीत जे उरतं ते पाणी म्हणायचं फक्त. आरओचं पण तेच, पिण्याचं पाणी एकीकडे काढून घेतलं की त्यातले क्षार सोडलेल्या पाण्यात एकवटतात. आरओचा मेकॅनिक सर्व्हिसिंगला आला तेव्हा त्याच्याकडचं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, घेऊन मी मोजून बघितलं, कूलरच्या टाकीतला आकडा बोअरच्या तिपटीच्या वर होता. तुमच्याकडे पण मेकॅनिक आला की त्याला दोन मिनिटं थांबवून मोजून घ्या, त्याला काही जड नाही. असं पाणी मातीत गेलं की मातीतलंच पाणी इतकं खारट होतं की मुळांना ते ओढून घेता येत नाही, ओल्या मातीत झाड तहानलेलं राहतं, आणि जे थोडे क्षार वर चढतात ते पानांच्या टोकाशी जाऊन साचतात, म्हणून तपकिरी रंग टोकापासून सुरू होतो. आणि आपण झाड सुकतंय म्हणून तेच पाणी आणखी घालतो.

आणि दरवर्षी पावसाळ्यात नवीन झाड छान का व्हायचं तेही मग उलगडलं. जून ते सप्टेंबर पाऊस ते क्षार धुऊन खाली नेतो, माती परत गोड होते, नवीन रोप आनंदाने वाढतं, होळीला कूलर सुरू होतो, आणि गाडी परत मूळ पदावर. कारण दरवर्षी एकाच तारखेला सुरू होत होतं म्हणून दुखणं पण एकाच सणाला दिसत होतं. त्यामुळे तुमचं झाड दरवर्षी एकाच सुमाराला जळत असेल तर कॅलेंडर काढा आणि दीड महिना मागे जाऊन त्या आठवड्यात तुमच्या घरात काय बदलतं ते लिहा. कूलर सुरू होतो का, नळाचं पाणी कमी होऊन बोअरचं वापरायला लागता का, मुलांच्या परीक्षा आल्या म्हणून पाणी घालायचं काम दुसऱ्याकडे जातं का, शेजारच्या एसीचं बाहेरचं युनिट सुरू होऊन त्याची गरम हवा झाडावर येते का. जोडी असेल तर फारच उत्तम, कारण जे झाड चांगलं आहे त्याला काय मिळत नाही हेच उत्तर असतं.

सगळ्यांचं कारण कूलरच असेल असं मुळीच नाही. रंग कुठून बदलतोय ते नीट बघितलं तर बरंच कळतं.

आतून, झाडाच्या पोटातून तपकिरी होत असेल आणि बाहेरचा सगळा भाग ताजा असेल तर ते दुखणं नाही. जुनी आतली पानं सावलीत पडतात आणि झाड ती टाकून देतं. फक्त तो कचरा तिथेच अडकून राहतो, हवा खेळत नाही, म्हणून वर्षातून एकदा पंखे हाताने बाजूला करून बोटांनी झाडून काढायचा, खाली एक जुनी साडी पसरून ठेवा, पसाराभर निघतो. हे काम फेब्रुवारीत करा, पावसाळ्यात नको, एका वर्षी ऑगस्टमध्ये हात घातला तर आत मुनियाचं गवताचं घरटं निघालं, मग मी ते पिल्लं उडेपर्यंत हातच लावला नाही.

डिसेंबर-जानेवारीत सगळं झाड एकसारखं तांबूस, कांस्याच्या भांड्यासारखं झालं, पण पंखे मऊ आहेत, तर ती थंडी. धुळ्याकडे गारठा जास्त पडतो, तिकडच्या माझ्या नणंदेचं झाड दरवर्षी आमच्यापेक्षा जास्त तांबूस होतं. महाशिवरात्रीनंतर आपोआप उजळतं. या काळात घाबरून खत-औषध दिलेली झाडं मी जास्त बिघडलेली बघितलीत.

फक्त रस्त्याच्या बाजूला, खालचा फूटभर भाग काळपट तपकिरी, वरचं सगळं छान, तर कुत्रे. गेटाजवळच्या झाडांचं हे फार कॉमन आहे आणि लोक त्यावर बुरशीनाशक मारत बसतात. तिथे भरपूर साधं पाणी ओतून माती धुवा आणि दीड फुटाची जाळी उभी करा.

सोनेरी रंग राखट, धुळकट दिसतोय, बारीक बारीक टिपके, पंख्यांच्या बेचक्यात कोळ्यासारखं बारीक जाळं, तर लाल कोळी. पांढरा कागद खाली धरून फांदीवर टिचकी मारा, कागदावर मिरीच्या पुडीसारखे ठिपके पडतील आणि थोडं थांबलात तर ते चालायला लागतील, बोटाने पुसले की तांबूस रेघ उठते. कोरडी हवा, गरम वारा आणि धूळ हे तिन्ही त्याला आवडतं, म्हणजे आपला मार्च त्याच्यासाठीच बनलेला आहे. यात एक मोठी चूक होते. आपल्याकडे घरोघरी कपाशीसाठी आणलेलं इमिडाक्लोप्रिड पडलेलं असतं, किडा दिसला की तेच मारतात. कोळी हा किडा नाही, आठ पायांचा जीव आहे, त्याच्यावर ते चालत तर नाहीच, उलट अशा फवारणीनंतर कोळी वाढलेला दिसतो, मला एका कृषी केंद्रावर पण हेच बांधून दिलं होतं आणि मी मारलं पण होतं. त्यापेक्षा सकाळी लवकर पाइपला अंगठा लावून जोराचा फवारा, वरून नाही, खालून आणि आतून, झाड धुऊन काढायचं, तीन-चार दिवसांच्या अंतराने असं चार वेळा, कारण अंडी राहतात आणि उन्हाळ्यात आठवडाभरात त्यांचे परत मोठे कोळी होतात. मधे एकदा संध्याकाळी निमतेल, लिटरला ५ मिली, थोडं साबणाचं पाणी घालून. गंधकाची पावडर कोळ्यावर चालते पण पारा ३२-३३ च्या वर असताना मारली तर पानं भाजतात, म्हणजे आपल्याकडे फेब्रुवारीनंतर तिचं नाव काढायचं नाही. आणि धुवायला पाणी नळाचंच वापरा, बोअरचं वापरलंत तर पंख्यांवर पांढरे डाग बसतात.

सगळं झाड एकदम निस्तेज, सोनेरीचं फिकट मातकट, टोक नाही बाजू नाही, आणि माती ओली, उकरली तर कुबट वास, मुळं काळी आणि बोटात धरून ओढली की साल सुटून येणारी, तर मुळं कुजलीत. काळ्या मातीत हे सगळ्यात जास्त होतं. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि पाणी धरून बसते, उन्हाळ्यात सुकली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्यात बारीक मुळं तुटतात, दोन्हीकडून मार. लोक काय करतात, काळ्या जमिनीत दोन फुटी खड्डा घेतात, त्यात वाळू-शेणखत-कोकोपीटचं भुसभुशीत मिश्रण भरतात आणि झाड लावतात. तो खड्डा म्हणजे हौद होतो, चारी बाजूची काळी माती पाणी जाऊ देत नाही आणि पावसाळ्यात सगळं पाणी त्यात येऊन थांबतं. आणि हे कुजणं ऑगस्टमधलं असतं पण दिसतं ते दिवाळीत, परत तेच, मागे जाऊन बघायचं.

आणि याच्या अगदी उलट, वरचे शेंडे आधी सुकतायत, कडेची माती ओली आहे तरी, आणि झाड आणून वर्ष झालेलं नाही, तर मुळाशी लाल मातीचा गोळा तपासा. बाहेरून येणारी बरीच रोपं चिकट लाल मातीत वाढवलेली असतात, प्रवासात फुटू नये म्हणून तो गोळा दाबून घट्ट केलेला असतो. तो एकदा सुकला की विटेसारखा होतो, आपण घातलेलं पाणी त्याच्या बाजूबाजूने निघून जातं, मुळं सगळी गोळ्याच्या आत आणि आत ठणठणीत कोरडं. एक बारीक लोखंडी गज नाहीतर लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, बुंध्यापासून चार बोटं लांब तिरपा खुपसा, जात नसेल तर हेच कारण. आठ-दहा ठिकाणी हळूहळू भोकं पाडा आणि तिथे ठिबकचा एक ड्रिपर तासभर थेंबथेंब सोडून ठेवा, बादलीने भडाभडा ओतून उपयोग नाही.

रंग जळला नाही पण सोनेरीचा हिरवा झाला अशी पण तक्रार येते. ती सावली. नवीन पानात हरितद्रव्य कमी असतं म्हणून तो रंग सोनेरी दिसतो, ऊन मिळालं नाही की झाड हिरवेपणा वाढवतं. रोजचं पाच-सहा तास ऊन पाहिजेच. तरी उन्हाळ्यात एका बाजूने नेट बांधायला मी सांगणार आहे. कारण एप्रिल-मेमधलं आपलं ऊन हे फक्त ऊन नसतं, भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पश्चिमेकडून येणारा जो झळांचा वारा असतो तो झाडातलं पाणी ओढून घेतो. आमच्या सासरी यावलकडे केळीच्या बागेला पश्चिम आणि दक्षिण बाजूने शेवरी नाहीतर गजराज गवत लावतात ते याचसाठी. मोरपंखीला पण तेच करा, डोक्यावर नेट नको, पश्चिमेला उभी बांधा, ५० टक्क्यांची, झाडापासून फूटभर लांब, एप्रिलच्या सुरुवातीपासून पहिले दोन-तीन चांगले पाऊस होईपर्यंत, आणि काढायची ती ढगाळ दिवशी. बाजूला पांढरी भिंत किंवा फरशी असेल तर त्यावर पण एक गोणपाट टाका दुपारचं, त्या फरशीची धग खालच्या पंख्यांना लागते, माझी डावीकडची टिकली त्याला तिच्या मागचं मेंदीचं कुंपण पण कारण आहे असं मला आता वाटतं.

आता ज्यांचं झाड आत्ता तपकिरी आहे त्यांनी काय करायचं. कात्री आधी खाली ठेवा. फांदीची साल नखाने जरासं खरवडून बघा, आत हिरवं-ओलं असेल तर जीव आहे, तपकिरी-कोरडं असेल तर ती फांदी गेली. बुंध्यापासून सुरुवात करून वर वर जा. क्षारांचा संशय असेल तर वरची पापडीची दोन बोटं माती खरवडून फेकून द्या, आणि नळाचं चांगलं पाणी हळूहळू सोडा, कुंडी असेल तर कुंडीत मावतं त्याच्या दोन-तीन पट, खालून वाहून जाऊ द्या, खालची थाळी काढून टाका नाहीतर तेच पाणी परत वर चढतं. जमिनीतल्या झाडाला संध्याकाळपासून रात्रभर ठिबक सोडा, पण मुळं कुजलेली नाहीत हे बघूनच. नंतर आठ-दहा दिवस माती दोन इंचापर्यंत उकरून, कोरडी लागली तरच पाणी. खत काहीच नाही, युरियाचा दाणा पण नाही, आजारी माणसाला आपण पुरणपोळी देत नाही. बुंध्यापासून वीतभर जागा सोडून केळीच्या वाळलेल्या पानांचं आच्छादन करा, आणि आठवड्याने एकदा उचलून बघा, आपल्याकडे उधई (वाळवी) लागायला वेळ लागत नाही.

जो भाग पूर्ण तपकिरी झाला तो परत सोनेरी होणार नाही, हे मन घट्ट करून मान्य करा. मोरपंखी जुन्या उघड्या लाकडातून परत फुटत नाही, गुलाबासारखं कापलं की नवीन धुमारे येतील असं समजून खोलवर कापलं तर तिथे कायमचं भोक राहतं. शेजारच्या जिवंत पंख्यांनी ते हळूहळू झाकायचं असतं, आणि ही बया वर्षाला दोन-चार इंचच वाढते, त्यामुळे हाताएवढं भोक भरायला तीन वर्षं धरा. मेलेल्या काड्या जून संपल्यावर, नवीन टोकं निघायला लागली की काढा, तोपर्यंत त्या आतल्या पानांना सावली तरी करतात.

नवीनच लावायचं असेल तर उन्हाळ्यात आणू नका. पोळा झाल्यावर आणा, जमीन ओली असते, ऊन उतरलेलं असतं, होळीपर्यंत मुळांना पाच-सहा महिने मिळतात. आणल्यावर पिशवीसकट बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत, मग पिशवी फाडून गोळ्याचा बाहेरचा बोटभर थर हाताने मोकळा करा, गोल फिरलेली मुळं सरळ करा. काळ्या जमिनीत खड्डा नको, फूटभर उंच आणि तीन फूट रुंद गादीवाफा करा, त्याच मातीत निम्मी जाडसर वाळू किंवा मुरूम आणि थोडं कुजलेलं शेणखत, आणि झाड त्या उंचवट्यावर, गोळ्याचा वरचा काठ मातीच्या बरोबरीला, बुंधा पुरायचा नाही. घेताना आत हात घालून बघा, हिरव्यावर फक्त पिवळा शेंडा मिरवणारं बियांचं रोप असतं ते पुढे उंच हिरवं होतं. बुटक्या सोनेरी झाडाचे पंखे खालपासून दाट आणि टोकांना सगळीकडे सारखा रंग असतो.

माझी उजवीकडची आत्ताची मोरपंखी २०१९ च्या पोळ्यानंतर लावलेली, चौथी. कूलरचा पाइप आता मागच्या मोरीत सोडलाय आणि आरओचं पाणी अंगण-संडास धुवायला. ती गुडघ्याच्या वर आलीये आणि डावीकडची कमरेला लागते, तीन वर्षांचा फरक स्पष्ट दिसतो, आणि येणारं प्रत्येक माणूस सांगतं की मोठीचा शेंडा कापून जोडी सारखी करून टाक. तुमच्याकडे पण कोणी सांगेल, तर कापू नका, वरून सपाट कापलं तर मधलं उघडं लाकूड दिसायला लागतं आणि त्या जागी पावसाचं पाणी आत शिरतं. फार तर मोठीच्या बाहेरच्या हिरव्या-सोनेरी टोकांना जुलैमध्ये नखाने खुडा, एका वेळी अर्ध्या इंचाहून जास्त नाही, आणि लहानीला तिच्या वेळेने येऊ द्या.